इंजिनाची कट्टी

साकेतच्या मते इंजिन म्हणजे सासुरवाडीला आलेला आळशी जावई! अंगात ताकद बक्कळ, पण कोणी उठवल्याशिवाय उठायचा नाही. आणि असे जावई उठवणारा अख्ख्या बाभुळगावात एकच माणूस होता, तो स्वतः. फाटकावर तशी पाटीच होती. पाटीवर आजवर चिमण्या पुष्कळ बसल्या; खाली गाडी मात्र एकही थांबली नव्हती.

त्या दिवशी थांबली. तांड्यावरच्या डोंगरसिंगची पिकअप, कापसाने तट्ट भरलेली. वर ढिगावर डोंगरसिंगची बायको सोनीबाई, पांढऱ्या डोंगरावर उगवलेल्या पळसासारखी लालभडक. गुलाबी बोंडअळीचं साल ते. बोंडं दिसायला टपोरी, फोडावीत तर आत अळीचा संसार. सहा घरांचा वेचा एका पिकअपमध्ये मावला होता, यातच काय ते आलं. हा कापूस आज कोरडा जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, फाटकात गेला, तर तांड्याचं साल निभणार होतं. भिजला, तर देवाचं नाव घ्यायचं.

"भाऊ, गाडी चढावर धापा टाकते," डोंगरसिंग म्हणाला. "वापस येतानी दाखवतो तुले."

"वापस कशाला, काका? भरल्या गाडीवरच फरक कळतो! तुमची बिडी विझायच्या आत करून देतो."

"ताडपत्री नाही आणली, पोरा," वरून सोनीबाई ओरडली. "आभाळ पाय जरा!"

"मावशी, आभाळाला पोचायला वेळ आहे!"

इतक्या आत्मविश्वासाने बोललेलं वाक्य आभाळ नेहमी ऐकतं.

आता साकेत करत होता ते काम असं. इंजिनाला एक मेंदू असतो, हाताएवढी चपटी डबी. कधी किती डिझेल सोडायचं, याची फाइल त्या डबीत. लॅपटॉप जोडायचा, जुनी फाइल काढायची, सुधारलेली घालायची. सुधारलेली फाइल पुण्याच्या क्षितिजने, हेच काम शिकवणाऱ्या क्लासमधल्या मित्राने, पाठवली होती. पण फाइल काढायचं-घालायचं क्षितिजचं यंत्र एका कंपनीचं, साकेतचं दुसऱ्या कंपनीचं, आणि या दोन कंपन्यांचं नातं सख्ख्या जावांचं! एकीच्या हातची फाइल दुसरी तोंडात घेईना. "आकार जुळत नाही," लॅपटॉप पुन्हा पुन्हा सांगत होता.

साकेतने पाहिलं. नवी फाइल जुनीपेक्षा जराशी जड होती. आणि तो हसला.

इथे त्याच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. वडील नीळकंठराव जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचे कारकून. जन्मभर दुसरं काही केलं नाही. पोतं आलं की बारदान वजा, ओल दिसली की कट्टी, म्हणजे वजनात काटछाट. साकेत जन्मला तेव्हा नर्सने वजन सांगितलं, तर हे म्हणाले, "दुपटं वजा केलं का?" अशा घरच्या मुलाला जादा वजन दिसलं, तर तो काय करणार? क्षितिजला फोन करणार? छे! फाइलीचं वरचं टोक त्याने बारदान समजून कापलं. वजन अगदी काट्यावर आलं. लॅपटॉपनेही मुकाट्याने घास घेतला.

बिडी विझली. चावी फिरली.

टक्.

पुन्हा फिरली. टक्. मग तेही नाही. इंजिन गार, आणि डबीने लॅपटॉपशी अबोला धरलेला. जुनी फाइल परत घालावी, तर ऐकायला आत कोणी जागंच नव्हतं!

"काय झालं बे?"

"काही नाही काका, जरा... विचार करतंय."

"विचार? माही गाडी? काहून?"

तेवढ्यात पहिला थेंब सोनीबाईच्या कपाळावर पडला. "याडी ये!" ती आईच्या नावाने किंचाळली आणि पुढच्या क्षणी कापसाचा पहिला भारा नीळकंठरावांच्या बैठकीत येऊन पडला. विचारायला वेळच नव्हता. भाऱ्यामागून भारे! दिवाण बुडाला, टीव्ही बुडाला, फ्रिज गळ्याइतका बुडाला. स्वयंपाकघरातून साकेतची आई, कुंदाबाई, शिंकत बाहेर आल्या.

"अगं बाई! देव कुठे गेले?"

देव कापसाखाली होते. जन्मभर त्यांना बोटभर वस्त्र वाहिलं. आज एकदम गादी! कुंदाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून एकेक देव चाचपून काढायला घेतला. ढिगावर टेकलेल्या सोनीबाईने डोळ्याला पदर लावला, आणि रडता रडताच तिच्या तोंडून ओवी निघाली:

"पांढरं सोनं माझं, बोंडाबोंडातून येचलं गं,
शिकल्या पोराच्या बाई, दारामंदी साचलं गं."

साकेतला वाटलं, आपणही त्या ढिगात शिरावं आणि पुढच्या हंगामात उगवावं.

इतक्यात नीळकंठराव कामावरून आले. बैठकीत कापूस पाहून दुसरा माणूस ओरडला असता. यांचा हात आपोआप ढिगात गेला. एक सरकी दाताखाली फोडली. "ओल आहे," ते म्हणाले. "कट्टी लागेल."

"बाबूजी!" डोंगरसिंगचा आवाज चिरला. "तुमच्याच पोरानं थांबोलं न मले!"

"काय केलंस रे?"

"काही नाही, बाबा. फाइल जड होती. बारदान वजा केलं."

नीळकंठरावांनी मुलाकडे पाहिलं. इतक्या मायेने त्यांनी त्याच्याकडे पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. "बरोबर केलंस," ते म्हणाले.

तेवढ्यात साकेत मघापासून लावत असलेला क्षितिजचा फोन लागला, तोही स्पीकरवर. साकेतने सगळं सांगितलं. पलीकडून क्षितिज ओरडला.

"कापलंस? अरे, ते बारदान नव्हतं! इंजिन सुरू कसं करायचं, ते त्याच टोकात असतं. एका यंत्राची फाइल दुसऱ्याला द्यायची तर सगळी वीण उसवून नव्याने विणावी लागते. त्याला वेगळा प्रोग्रॅम असतो, गाढवा! आता ती डबी नागपूरला पाठव."

डोंगरसिंगने सगळं ऐकलं. खाली बसला. "कापसात कट्टी समजलो," तो हळू म्हणाला. "मापात कट्टी, तेबी समजलो. पण इंजिनाच्या डोक्यातबी कट्टी? त्यानं तुमचं काय बिघडोलं होतं, बाबूजी?"

कुंदाबाईंनी नुकताच सापडलेला बाळकृष्ण पदराखाली झाकला, हे त्याच्या कानावर पडू नये म्हणून.

सर थांबली, पण पश्चिमेला काळं तसंच दाटलेलं. सोनीबाईने डोळे पुसले आणि भावाला फोन लावला. तासाभरात धनसिंग दोन बैल घेऊन हजर! कापूस पुन्हा गाडीत गेला, कुंदाबाईंच्या चादरी वर गेल्या, पिकअपपुढे बैल जुंपले, आणि स्टिअरिंगवर साकेतला बसवलं.

"बैल आम्ही हाकतो," डोंगरसिंग म्हणाला. "तू फक्त सरळ धर. तेवढं येते न?"

बाजारातून ती मिरवणूक निघाली. पानठेल्यांवरचे लोक उठून उभे राहिले. साकेतने मान इतकी खाली घातली, की दुरून वाटावं, गाडी बिनमाणसाची चाललीय.

जिनिंगपाशी पाहतो तो काय! ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर यांची रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत. ड्रायव्हर कालपासून तिथेच जेवत होते. पाऊस रात्र काढू देणार नव्हता. पण फाटकावरच्या चौकीदाराने बैलांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा बैलांकडे पाहिलं.

"बैल हायेत म्हणजे बैलबंडी," तो म्हणाला. "बंड्यांची लाइन मोकळी हाय. घ्या अंदर!"

कापूस शेडखाली गेला आणि मागोमाग आभाळ फुटलं. डोंगरसिंगने पत्र्यावर ताशासारखा वाजणारा पाऊस ऐकला, पण साकेतशी तो बोलला नाही. डबी येईपर्यंत बैल आणि गाडी दोन्ही तुझ्या दारात राहतील, एवढंच धनसिंगकरवी कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शेण काढताना साकेतने मान वर केली. फाटकाबाहेर गाड्या! एक, दोन, पार कोपऱ्यापर्यंत. पहिल्या पिकअपमधून उत्तमसिंग नावाचा, जिनिंगच्या रांगेत रात्रभर भिजून चिंब झालेला ड्रायव्हर उतरला.

"साकेतभाऊ तुम्हीच न? डोंगरसिंगच्या गाडीचं केलं न, माह्याबी गाडीचं तसंच करून द्या. बैल आमचे आम्ही आणतो."

साकेतला रडू आलं. कारण शिकल्यापासून हे एकच काम त्याला खात्रीने येत होतं.