ढगे मॅडमचा दिवसाचा क्लब

ढगे मॅडम घड्याळ वापरत नाहीत, मूठ वापरतात. हात समोर ताठ करायचा, मूठ वळायची, ती क्षितिजावर टेकवायची आणि सूर्य किती मुठी वर आहे ते मोजायचं. एक मूठ म्हणजे दहा अंश, म्हणजे सुमारे चाळीस मिनिटं. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य शिस्तीवर बोलत असताना मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर मूठ रोखून उभ्या राहिल्या. प्राचार्यांना वाटलं, बाई घोषणा देताहेत. ते बोलायचे थांबले.

"चालू द्या सर," मॅडम म्हणाल्या. "आंजी गावाच्या बसले अजून दीड मूठ आहे."

वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवतात आणि विद्यार्थ्यांचा खगोल क्लब चालवतात. आडनाव ढगे आणि काम आकाश बघण्याचं. यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत. नवीन माणसानं केला की त्या शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "झाला? आता स्टँड उचला." मीही या क्लबात अडकलो. मी मराठी शिकवतो. आकाशाशी माझा संबंध कपडे वाळत घालण्यापुरता. पण क्लबला दुसरा प्राध्यापक लागत होता. मॅडमनी मला पॅसेजमध्ये गाठलं.

"तुमच्या कवितेत चंद्र येते का नाई?"

"येतो."

"मंग या."

मी आधी नाहीच म्हणालो होतो. पण मॅडमना नाही म्हणणं हे एक दिव्य आहे. त्या रागावत नाहीत, आर्जव करत नाहीत. फक्त विचारतात, "आज नाई, का कधीच नाई?" कधीच नाही असं म्हणायचा धीर माणसाला होत नाही. तो "पाहू" म्हणतो. मॅडम लगेच डायरी काढून लिहितात, "पाहू म्हणाले," आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. कॉलेजच्या गच्चीची किल्ली, पाण्याच्या टाकीशेजारची जागा आणि मी, हे सगळं त्यांनी असंच मिळवलं.

या क्लबची खरी गंमत अशी की तो दिवसा भरतो.

सुरुवातीला तो इतर क्लबांसारखाच रात्री भरायचा. हॉस्टेलची सहा-सात मुलं यायची. मॅडमच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त, क्लबात एकही नाही. त्यांनी वर्गात कारण विचारलं. आंजीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, साडेपाचची बस सुटली तं घरी काय सांगाव?"  तिसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: खगोल क्लब यापुढे दुपारी अडीच वाजता भरेल.

सगळं कॉलेज हसलं. "मॅडम आता दिवसा तारे दाखवणार," असं कँटीनमध्ये जो तो म्हणायचा. मॅडमनी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं आणि मुलींना त्यावरचे काळे डाग रोज काढायला लावले. दुर्बिणीला डोळा लावायला कोणी वाकलं की गच्ची हादरायची. "मांगं हो! डोळा गेला तं दुसरा नाई भेटत!" दुपारचा चंद्र दाखवला. आणि एका दुपारी टाकीच्या सावलीत दुर्बीण लावून, ज्यांनी सर्वांत मोठ्यानं थट्टा केली होती त्या प्राचार्यांनाच त्या वर घेऊन आल्या.

प्राचार्य वाकले. "हा तर चंद्र आहे. लहान दिसतो."

"चंद्र आज नाईच वर. हा शुक्र आहे. त्यालेही कला असतात."

प्राचार्य बराच वेळ वाकून होते. मग सरळ होत म्हणाले, "म्हणजे दिवसा तारे दिसतात."

"ग्रह, सर," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यातही त्यांनी सोडलं नाही.

पल्लवी या दिवसाच्या क्लबची पहिली मुलगी. गाव रोहणा. वडिलांची शेती. पहाटे उठून बस गाठायची आणि परत जायचीही घाई. तीन वर्षांत तिनं सूर्याच्या डागांच्या सात वह्या भरल्या. सुट्ट्या आणि पावसाळी ढग सोडले तर एक दिवस चुकवला नाही. यंदा तिचं शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर एका दुपारी ती पुठ्ठा गुंडाळताना सहज म्हणाली, "मॅडम, शनीची कडी पाह्याची राह्यलीच. आता काई होत नाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मॅडमना लागलं असावं. त्यांनी तिथेच तिच्या वडिलांना फोन लावला. म्हणाल्या, एक रात्र मुलीला माझ्या घरी, इथं जवळच पिपरीला राहू द्या.

"नाई मॅडम," पलीकडून आवाज आला. "पोरीले रातच्याले बाहेर नाई ठेवत आपण."

"आज नाई, का कधीच नाई?"

"कधीच नाई."

मी मॅडमकडे पाहिलं. माझ्या माहितीत हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. 

"बरं. मंग आम्हीच आलो तं चालते का? मी, हे सर आणि दुर्बीण."

 पाहुण्याला नको म्हणायची त्यांच्याकडे रीत नसावी. "या ना," ते म्हणाले. "जेवाले थांबजा."

शनिवारी आम्ही बसस्टँडवर. दुर्बीण म्हणजे चार फुटांचं जाड नळकांडं, मॅडमनी ते जुन्या चादरीत गुंडाळून दोरीनं बांधलेलं. मॅडम खिडकीशी, दुर्बीण मधे, मी कडेला.

कंडक्टर आला. "बाई, गिझर घेऊन चालल्या का?"

"दुर्बीण आहे."

"तिकीट लागन. पुऱ्या माणसाची जागा खाऊन राह्यली."

"लेकराले कितव्या वर्षी तिकीट लागते?"

"पाच."

"हिले आत्ताशी चार झाले."

अख्खी बस हसली. कंडक्टरनं एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे, आणि पुढच्या सीटवर गेला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खरेदीची पावती पर्समधून काढून हातात धरून ठेवली होती.

रोहण्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. पल्लवीच्या अंगणात दुर्बीण उभी केली आणि संकट समोर आलं. घरासमोरच्या खांबावर नवा एलईडी दिवा. तो लागला आणि अंगणात टाचणी दिसेल असा उजेड पडला. वर आकाश पुसून गेलं.

"बंद होते का हा?" मॅडमनी पल्लवीच्या वडिलांना विचारलं.

"तो आपोआप लागते, आपोआप बंद होते. सकाऊन."

 पल्लवीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. शेजारपाजारच्या बाया-पोरं जमली होती, तीही चुळबुळायला लागली. मॅडम अंगणात फिरल्या, या कोपऱ्यात गेल्या, त्या कोपऱ्यात गेल्या. मग गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी थांबल्या. वेचलेल्या कापसानं ती डोक्यापेक्षा उंच भरलेली होती.

"भाऊ, ही ट्रॉली खांबासमोर लावता येते का?"

वडिलांनी ट्रॉलीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, मग मुलीकडे. मला वाटलं, आता पुन्हा तेच उत्तर येणार. ते ट्रॅक्टरवर चढले. दोनदा पुढे, तीनदा मागे. "अजून, अजून थोडी," मॅडम हात हलवत ओरडत होत्या. शेवटी कापसाची लांबलचक सावली अंगणावर पडली आणि त्या सावलीत, एकेक करत, चांदण्या उमटल्या.

पल्लवीनं डोळा लावला. 

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "कोणं काचीवर चिटकवलं तं नाई ना हे?"

"हलवून पाह्य."

तिनं नळकांडं जरासं हलवलं. शनी निघून गेला. तिनं स्वतः शोधून तो परत आणला आणि मग हसायलाच लागली. थांबेचना. तिच्या आईनं पाहिलं आणि जाहीर केलं, "याले कानं आहे, बाई." सगळ्यांचं झाल्यावर वडील वाकले. खूप वेळ वाकून राहिले.

"दर साल इथंच राह्यते का हा?"

"जागा बदलते," मॅडम म्हणाल्या. "पण राह्यते."

जेवायला भाकर, भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. माझं अंथरूण ओसरीत पडलं. आत पल्लवीची आई मॅडमसाठी गादी घालत होती. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मॅडम, घरी फोन नाई केला तुम्ही. पोचलो म्हून. वाट पाहून राह्यलं असन कोणी."

"नाई, तसं कोणी नाई. माय होती. ती गेल्यापासून मी एकटीच."

"कधी गेली?"

"झाले नऊ वर्षं."

 गादी झटकल्याचा आवाज आला, मग दिवा मालवला.

सकाळी पल्लवीची आई आम्हाला बसपर्यंत सोडायला आली. दुर्बीण चढवली, मी चढलो. मॅडम पायरीवर असताना तिनं त्यांचा हात धरला. "वर्ध्याले पोचल्यावर मले फोन करजा. इसरू नोका. मी वाट पाहीन."

"अहो, दिवसाचा तं प्रवास आहे."

"तरी करजा."

 वर्ध्याला उतरलो. मी दुर्बीण खांद्यावर घेतली आणि रिक्षाकडे वळलो. मॅडम मागे राहिल्या होत्या. रसवंतीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, त्या फोनवर बोलत होत्या.

"हो, पोचली... आत्ताच. नाई, जागा भेटली. खिडकीपाशी... हो, खाल्लं ना, तुमची भाकर होती ना सोबत... आता घरी जाऊन वरणभात टाकीन... हो. हो. काय म्हणता, पल्लवी उठली का?"

मी मॅडमना फोनवर चार शब्दांच्या वर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रिक्षावाला जवळ आला. "सर, चालता का?" नळकांडं खांद्यात रुतत होतं. मी त्याला हातानंच थांबायला सांगितलं. तो पुन्हा आला, मी पुन्हा सांगितलं.

मॅडम सांगत होत्या की बस वाटेत दोनदा थांबली.