कोपऱ्यातला अडथळा

दातांच्या डॉक्टरांना फोटोत विमानाशिवाय दुसरं काही खपत नसे. दवाखान्यावरच्या गच्चीतून विमानं उतरताना दिसत आणि डॉक्टर ती हौसेने टिपत. पण फोटोत खांब, तार, टाकी असं काही डोकावलं की त्यांचा जीव वरखाली होई. मग संगणकापुढे बसून कडा कापायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात त्यांनी बायकोला विमानासमोर उभं करून फोटो काढला होता. कापता कापता त्यात नुसतं विमान उरलं. बायकोने तो विषय अजून सोडलेला नव्हता.

"मी काय खांब होते?" ती विचारी.

"खांब परवडला. तो हलत तरी नाही," डॉक्टर म्हणत.

यंदा विमानप्रेमी मंडळाच्या कॅलेंडरवर आपलाच फोटो झळकणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. गेल्या वर्षी मेहुण्याचा झळकला होता आणि सासुरवाडीच्या प्रत्येक खोलीत ते कॅलेंडर टांगलेलं होतं. चार इंजिनांचं एक जुनं विमान शनिवारी शेवटचं उतरणार होतं. आता आड येत होता फक्त शेजारच्या गच्चीवरचा निवृत्त मास्तरांचा अँटेना. तो नेमका विमानाच्या पोटात घुसायचा.

"काढून टाका की तो, मास्तर."

"काढतो. पण माझी कवळी हलते, तिचं बघा आधी."

डॉक्टरांनी नवी कवळी बसवून दिली. मास्तरही शब्दाला जागले आणि शनिवारी सकाळी त्यांनी अँटेना खांबासकट उतरवला. कपड्यांची दोरी त्याच खांबाला बांधलेली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मास्तरांच्या बायकोच्या लगेच आलं. तिने दोरी जिन्याच्या छपरापासून थेट टाकीच्या टोकाला ताणली आणि घरातल्या झाडून साऱ्या चादरी वर वाळत घातल्या.

दुपारी डॉक्टर कॅमेरा घेऊन वर आले, तर आभाळाच्या जागी फुलाफुलांच्या चादरी फडफडत होत्या. लांबून विमानाची घरघर ऐकू येऊ लागली.

"मास्तर! चादरी काढा हो, चादरी!"

"अहो, ओल्या आहेत अजून!" मास्तर नव्या कवळीतून खणखणीत ओरडले.

डॉक्टर कठड्याशी धावले आणि दोन्ही हात वर करून अक्षरशः नाचू लागले. शेवटी मास्तरांना दया आली. त्यांनी दोरी सोडली, चादरी धपकन खाली आल्या आणि आभाळ मोकळं झालं. विमान दिमाखात समोरून गेलं. डॉक्टरांचे हात अजून वरच होते आणि कॅमेरा गळ्यात लोंबत होता. ते मटकन खाली बसले. त्यांना खरोखरच रडू फुटलं.

"मी काढलाय ना मोबाईलवर," मागून बायको म्हणाली. "तुम्हीसुद्धा आलात त्यात. पाठवू का मंडळाला?"

"पाठव," डॉक्टर नाक पुसत म्हणाले. फोटो आपण काढलेला नसला, तरी कॅलेंडरवर निदान आपण तरी दिसू, हा विचार त्यांना बरा वाटला.

कॅलेंडर आलं. पानभर विमान, निळंशार आभाळ आणि खाली बायकोचं नाव. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ते कुठेच नव्हते. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. बायकोने तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"वहिनी, फोटो काय सुरेख आलाय! खाली कोपऱ्यात कुणीतरी नाचत होतं, तेवढं कापलं आम्ही. कोण होतं हो ते?"

बायकोने डॉक्टरांकडे डोळे भरून पाहिलं.

"खांब होता," ती म्हणाली, "जरा हलत होता."