अंत्यविधी ही माझी खासियत

चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी माझी खासियत निवडली. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण ती वहीत आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं उसाच्या गाड्यांच्या वेळा टिपल्या. कारखाना बंद झाला, तरी हाताला कुणी कळवलं नाही.

टेबलावर सुका मासा आणि लसूणभात होता. निल्दा, म्हणजे माझी बायको, तिच्या वडिलांना चमच्याने भरवत होती. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "ठरलं. अंत्यविधी."

निल्दाचा चमचा हवेतच थांबला. "कुणाचे?"

"कुणाचेही. अंत्यविधी करणाऱ्या कंपन्यांची कारकुनी. हीच माझी खासियत."

तातय अम्बो, म्हणजे माझे सासरे, वय एक्क्याऐंशी. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली होती, पण जीभ बहुधा उजवीकडे असावी. ते म्हणाले, "जावई मढ्यांचा कारकून! बरं झालं. निदान गिऱ्हाईक तक्रार तरी करणार नाही."

आता हे खासियतीचं प्रकरण सांगायला हवं. कारखाना बंद पडल्यावर आमच्या गावातला जो तो घरी बसून परदेशातल्या साहेबांची कामं करायला लागला होता. त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. म्हणजे कारकूनच, फक्त साहेबाला आपला शर्ट दिसतो आणि लुंगी दिसत नाही. मीही संगणकावरचा फुकट वर्ग लावला. शिकवणारी कोच जायरा चोवीस वर्षांची. (माझे बूट तिच्याहून जुने आहेत.) ती रोज एकच सांगायची, "सगळंच करणाऱ्याला कुणी काहीच देत नाही, सर. खासियत निवडा!" मी निवडायला बसलो. चार महिने बसलो. वहीत एक्केचाळीस खासियती लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे गुण-दोष मांडले. दंतवैद्य, वकील, कुत्र्यांची पाळणाघरं... चाळीस खोडल्या.

आणखी चार महिने असेच गेले असते, पण निल्दाने तारीख दिली. परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या, सेबू शहरातल्या एका एजन्सीत तिने नाव घातलं होतं. तायवानमध्ये एका म्हाताऱ्याला सांभाळायचं काम होतं, तीन वर्षांच्या कराराचं.

"तीस तारखेला त्या घरच्यांची मुलाखत आहे, दोंग," ती म्हणाली होती. (दोंग म्हणजे मी. आमच्याकडे नवऱ्याला लाडाने तसं म्हणतात.) "तोवर तुला एक गिऱ्हाईक मिळालं, एकच, तर मी मुलाखतीला बसत नाही. नाहीतर जाते."

"आणि तातयना कोण बघणार?"

"तू."

तातय आतल्या खोलीतून ओरडले, "मला याच्या हाती देऊ नकोस गं! त्यापेक्षा मी आत्ताच मरतो!"

आम्हाला मूलबाळ नाही. निल्दा गेली की घरात मी आणि तातय. मी घाबरलो आणि घाबरून निवड केली. पण निवड अगदीच आंधळी नव्हती. कारखान्यात कुणाच्या घरी मयत झालं की ऑफिसतर्फे मलाच पाठवायचे. (साहेब म्हणायचे, "काबिलेसचा चेहरा आयता आहे.") सव्वीस वर्षांत मी दोनशे बारा घरांतल्या हायांना बसलो. शवपेटी घरात ठेवून सात दिवस लोक सोबतीला बसतात, कॉफी पितात, पत्ते खेळतात, तीच हाया. तिथे काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आमच्या पाद्रीबाबांपेक्षा मला जास्त ठाऊक.

सव्वीस ठिकाणी अर्ज केले. तिसऱ्या दिवशी एक उत्तर आलं. ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टोकाला टास्मानिया म्हणून बेट आहे, तिथल्या एका लहान गावातल्या मिसेस पेंगेली. तीन पिढ्यांचा अंत्यविधीचा व्यवसाय. सोमवारपासून सात दिवसांची चाचणी. लोकांचे फोन घ्यायचे, धीर द्यायचा, माहिती टिपायची, पत्रं पाठवायची. सगळे फोन ध्वनिमुद्रित होणार. पसंत पडलो तर काम कायमचं.

"मिळालंच म्हण," मी निल्दाला सांगितलं.

"म्हणते," ती म्हणाली. पण मुलाखतीचा पांढरा ब्लाउज तिने इस्त्री करून खिळ्याला टांगला तो टांगलाच.

सोमवारी सात वाजता मी हेडफोन चढवून बसलो. पहिलाच फोन एका शेतकऱ्याचा, त्याची आई गेली होती. मी हळू आवाजात चौकशी केली, वय विचारलं, आजार विचारला, तिला कोणती फुलं आवडायची ते विचारलं. माणूस रडला. बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "तुमचे फार आभार. बरं, येतो."

मी एक शब्द न बोलता फोन ठेवला.

इथे दोनशे बारा हायांचा अनुभव कामाला आला. मयताच्या बाबतीत आभार मानायचे नसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आभार मानले की त्या घरात दुसरं मरण येतं. आलेल्याला दारापर्यंत पोचवायचं नाही, निरोप द्यायचा नाही. माणसाने उठावं आणि गुपचूप निघून जावं. परक्या घरातलं मरण असलं म्हणून काय झालं? त्या बिचाऱ्या शेतकऱ्याचे वडील अजून जिवंत होते. "आभार" म्हणून मी त्यांना मारू का?

पत्रांचीही तीच गत होती. मिसेस पेंगेलींच्या छापील पत्राखाली ओळ होती, "आमची निवड केल्याबद्दल आभारी आहोत. पुन्हा सेवेची संधी द्यावी." मी हादरलो. अंत्यविधीवाला म्हणतोय, पुन्हा संधी द्या! जुन्या-नव्या गिऱ्हाइकांना जायच्या सदतीस पत्रांतून ती ओळ मी एकेक करून काढून टाकली. (मालकिणीला न विचारता. हुशार नोकर विचारत बसत नाही, असं कोच जायरा सांगायची.)

बुधवारपर्यंत नऊ फोन झाले. माझं मन भरून आलं होतं. निल्दाही जाता-येता थांबून ऐकायची.

"किती छान बोलतोस रे," ती म्हणाली.

"खासियत आहे," मी म्हणालो.

गुरुवारी, आठ वाजून बावन्न मिनिटांनी, एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान गेले होते. पेटीच्या कड्या पितळेच्या घ्याव्या की लाकडी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी त्यांना सांगत होतो, घाई करू नका, आम्ही आहोत. तेवढ्यात निल्दा आतल्या खोलीच्या दारात आली. "दोंग," ती म्हणाली.

मी एक बोट वर केलं. थांब.

ती थांबली. बाई त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगायला लागल्या. मी मध्ये मध्ये "हं" म्हणत होतो, तो "हं" मी सवय करून करून पक्का केला होता. अठरा मिनिटांनी फोन संपला. (निरोप न देता.) मी हेडफोन काढला, वहीत वेळ टिपली आणि विचारलं, "काय गं, काय झालं?"

"तातय गेले," निल्दा म्हणाली.

यापुढचं फारसं विनोदी नाही, पण घडलं ते असं.

दुपारपर्यंत पेटी आली. पेटी ठेवायची तर बैठकीच्या खोलीतच, आणि इंटरनेटची तारही बैठकीच्या खोलीतच. तातयच्या डोक्याशी पांढरे दिवे, पायाशी माझं टेबल, मध्ये हातभर जागा. अंगणात ताडपत्री पडली, पत्त्यांची तीन टेबलं लागली. शेजारच्या मानांग सेपिंगने (मानांग म्हणजे थोरली ताई) कॉफीचं मोठं भांडं चुलीवर चढवलं आणि मला हेडफोन लावताना पाहिलं.

"तेर्यो, हे काय कानाला? देवाला तरी भी!"

"मानांग, रविवारपर्यंत चाचणी आहे. गेली तर निल्दा तायवानला जाणार."

"आणि बाप मेलाय त्याचं?"

"तातय मला समजून घेतील."

"जिवंतपणी कधी घेतलं होतं?" मानांग म्हणाली.

शुक्रवारीही निल्दाकडे बघायची माझी छाती होत नव्हती. ती पेटीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि काचेवरची माशी हाकलत होती. दोन-चार वेळा मी तिच्याकडे वळलो. दोनशे बारा हाया आणि अकरा फोन पाठीशी असूनही तोंडातून शब्द फुटेना. शेवटी विचारलं, "कॉफी देऊ?"

"नको," ती म्हणाली. "त्या बाईशी अठरा मिनिटं किती मायेने बोललास. मी दारात उभी राहून ऐकत होते. वाटलं, हे संपलं की मलाही असंच काहीतरी बोलशील."

"मग?"

"मग तू वेळ लिहिलीस."

इतक्यात संगणक वाजला. तीन वाजले होते, मिसेस पेंगेलींना मला पडद्यावर समोरासमोर भेटायचं होतं. मी शर्टाची गुंडी लावली आणि बटण दाबलं. पिकलेल्या केसांच्या, सभ्य चेहऱ्याच्या बाई. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि चष्मा सारखा केला.

"मिस्टर काबिलेस, तुम्ही तर फारच तयारी केलीत. मागची ती पेटी... चित्र आहे का?"

"नाही मॅडम, खरी आहे."

"अरे वा. आणि तो आरडाओरडा कसला?"

अंगणात कुणीतरी डाव जिंकला होता. "शोक चाललाय, मॅडम."

"आणि पेटीत?"

"सासरे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. एक कोंबडा टेबलाखालून गेला. मग त्या म्हणाल्या, "मग तुम्ही आज कामावर का?"

"आज शुक्रवार, मॅडम. चाचणी रविवारपर्यंत आहे."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असावं, चित्र तेवढं स्वच्छ नव्हतं. "मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "मनापासून. तुमच्या पत्नीलाही माझं सांत्वन कळवा."

आता घरात उघडी शवपेटी. बायको तीन हातांवर. या क्षणी मी "आभारी आहे" म्हटलं असतं तर पुढची पेटी कुणाची आली असती? मी मिसेस पेंगेलींकडे अत्यंत आदराने पाहिलं, ओठ मिटले आणि त्यांना बंद केलं.

मानांग सेपिंगने मान हलवली. "हे मात्र बरोबर केलंस," ती म्हणाली.

सोमवारी पत्र आलं. मी ते पेटीशेजारी उभं राहून वाचलं. माझी टिपणं निर्दोष होती. तारखा, वेळा, नावं, एक चूक नाही. पण अकरा कुटुंबांपैकी नऊ जणांनी कळवलं होतं, की तुमच्या माणसाने बोलणं संपताच फोन तोंडावर आपटला. एका बाईंनी दुसऱ्या गावातल्या कंपनीकडे काम दिलं. "आणि स्वतःच्या अनुभवावरून," मिसेस पेंगेलींनी लिहिलं होतं, "त्यांच्यावर अविश्वास दाखवणं मला कठीण जात आहे."

मी लगेच खुलासा लिहिला. तीन पानं. हायेचे चौदा नियम, प्रत्येकाचं कारण आणि उदाहरण. तातयांच्या मागच्या प्रार्थनेचे नऊ दिवस अजून व्हायचे होते, त्यामुळे पत्राच्या शेवटी आभार मानता आले नाहीत. उत्तर दोन ओळींचं आलं. जागा भरली होती.

बुधवारी तातयना पुरलं. गुरुवारी, तीस तारखेला, निल्दाने खिळ्यावरचा ब्लाउज काढला.

"नऊ दिवस तरी होऊ दे," मी म्हणालो.

"तारीख त्यांनी दिली आहे," ती म्हणाली. "आणि आता मला अडवायला घरात आहे कोण?"

मी आहे, असं म्हणायला हवं होतं. आता लिहिताना ते वाक्य अगदी सहज सुचतंय.

मुलाखत माझ्याच टेबलावर झाली. (माझ्या हेडफोनवर.) पडद्यावर सेबूच्या एजन्सीतली बाई, आणि तायवानच्या त्या घरातली सून. एजन्सीवाली दुभाष्याचं काम करत होती. सुनेने काहीतरी विचारलं.

"त्या विचारताहेत, तुझी खासियत काय?" एजन्सीवाली म्हणाली.

चार महिने, एक्केचाळीस खासियती. मी टेबलाच्या या बाजूने वही पुढे सरकवली, निदान यादी तरी बघ म्हणून.

निल्दाने वहीकडे पाहिलंही नाही. "हट्टी पुरुष," ती म्हणाली.

"अनुभव?"

"वडील, अकरा वर्षं. नवरा, चोवीस."

एजन्सीवालीने ते सुनेला सांगितलं. सून इतकी हसली की तिला कुणीतरी पाणी आणून दिलं. मग डोळे पुसत तिने मान डोलावली आणि काहीतरी म्हणाली. निवड झाली होती. एकूण चार मिनिटं. (वेळ मी टिपली नाही. अंदाज आहे.)

"फक्त अनुभवाचा दाखला लागेल," एजन्सीवाली म्हणाली. "ज्याला सांभाळलं, त्या रुग्णाच्या सहीने. वडिलांची आणशील?"

"वडील परवा... काल पुरले."

"अरेरे. मग जिवंत रुग्णाची चालेल. आहे कोणी?"

निल्दा वळून माझ्याकडे बघत राहिली.

फॉर्म तिनेच भरला, सुवाच्य अक्षरात. रुग्णाचं नाव: एलेउतेरियो काबिलेस. वय: एक्कावन्न. खातो: स्वतःच्या हाताने, वाढून दिल्यास. बोलतो: परक्यांशी. सध्याची अवस्था: आहे तशीच, सुधारणेची आशा नाही.

मी चष्मा लावून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा तपासला. एकही चूक सापडली नाही. खाली सही केली.