परग्रहावरची लिफ्ट

डोंबिवलीच्या स्वप्नगंधा सोसायटीची लिफ्ट होळीपासून बंद होती आणि सेक्रेटरी सहदेव पेडणेकरांचं तिच्याकडे पूर्ण लक्ष होतं. लक्ष देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात फायली वर पाठवण्यात काढली. एकही निर्णय अंगाला लावून घेतला नाही, म्हणून निरोप समारंभात साहेबांनी त्यांना निष्कलंक म्हटलं होतं.

लिफ्टच्या दुरुस्तीला ठराव हवा, ठरावाला गणपूर्ती हवी, आणि सभेला सेक्रेटरी व त्यांचा चहा सोडून कोणी फिरकत नसे. त्यामुळे लिफ्ट अगदी रीतसर बंद होती.

अडचण होती ती पाचव्या मजल्यावरच्या मीराबाईंची. गुडघे पार कामातून गेलेले. दर रविवारी सकाळी कल्याणहून त्यांचा धाकटा भाऊ चांगदेव यायचा, पण त्याचं हृदय तोळामासा, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. मग तो खाली पार्किंगमध्ये, बहीण वर गॅलरीत, आणि ओरडून विचारपूस. तो निघाला की ती दोरीला पिशवी बांधून त्याला चपात्या सोडायची. एकदा मीराबाईंनी सहदेवरावांना विचारलं, खुर्चीत बसवून चौघं मला खाली नेतील का, भावाच्या डोक्यावरून हात फिरवायचाय. सहदेवरावांना गलबलून आलं. पण पायंडा पडतो ना! आज मीराबाईंना उतरवलं, उद्या लोक म्हणतील कपाट उतरवा. त्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

अशातच त्यांच्या मुलीने, समीक्षाने, बाबांचा वेळ जावा म्हणून अंतराळाचा एक व्हिडिओ गेम आणून टीव्हीला जोडला. आपण यानाचे कप्तान. ग्रहाग्रहांवर हिंडायचं, तिथल्यांच्या कहाण्या ऐकायच्या आणि प्रत्येक वळणावर निर्णय घ्यायचा. इथे सहदेवरावांना घाम फुटला. कप्तानाच्या वर कोणी नव्हतंच; फाईल पाठवायची कुठे?

"बाबा, बटण दाबा ना," समीक्षा म्हणाली.

"एकट्याने? उद्या काही झालं तर?" असं म्हणून त्यांनी नोटीस बोर्डावर विशेष सर्वसाधारण सभा लावली.

आणि काय सांगावं, सभासद लोटले! सहदेवराव राहतात सहाव्या मजल्यावर. जिना चढून धापा टाकत माणसं आली, सतरंज्या कमी पडल्या. शीलाताई तर पोह्यांचं पातेलं घेऊन चढल्या. गणपूर्ती कशाला म्हणतात ते स्वप्नगंधाने प्रथमच पाहिलं. इथली हवा विषारी आहे असं यानाने एका ग्रहावर बजावलं, तेव्हा डोंबिवलीकर ढिम्म हलले नाहीत. हिरव्या कातडीच्या निर्वासितांना यानात घ्यावं का, यावर मात्र रण माजलं. सुदेश म्हणाला, आधी पोलीस पडताळणी. विनीतने विचारलं, ते मच्छी खातात का?

पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमधून हाक आली नाही. संध्याकाळच्या सभेच्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या संध्याकाळी यान एका उंच मनोऱ्यापाशी उतरलं. वर एक म्हातारी एकटीच अडकलेली, लिफ्टची वीज गेलेली. यानातलं उरलंसुरलं इंधन दिलं तर ती खाली येणार, पण यान घरी परतणार नाही. खोलीत कोणी पोह्यांचा घासही चावेना. शीलाताईंनी डोळ्यांना पदर लावला. सहदेवराव उठून उभे राहिले.

"म्हातारं माणूस वर अडकून पडतं आणि आपण बघत बसायचं? मग माणूस म्हणवून घ्यायचं कशाला?"

सूचक सुदेश, अनुमोदक विनीत, ठराव एकमताने मंजूर. सहदेवरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याने निर्णय घेतला. मनोऱ्याचं दार उघडलं, म्हातारी बाहेर आली आणि टाळ्यांनी बिल्डिंग दणाणली. सहदेवराव सगळ्यांना पोचवायला जिन्यात आले, छाती दोन बोटं फुगवून.

पाचव्यावर मीराबाईंचं दार उघडं होतं. दारात खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या, मांडीवर मोबाईल.

"खाली आली का ती बाई?" त्यांनी विचारलं. वरचं सगळं त्यांना ऐकू आलं होतं.

"आली हो! एकमताने," सहदेवराव म्हणाले.

"बरं झालं. आता मलाही न्या. भाच्याचा फोन आलेला. चांगदेव गेला. शेवटचं तोंड तरी बघू दे मला."

सुदेशला आपली कंबर आठवली, विनीतला सकाळची ड्युटी. सगळ्यांनी सहदेवरावांकडे पाहिलं आणि सहदेवरावांनी सवयीने वर पाहिलं. वर त्यांचंच घर होतं.

गणपूर्ती होती, पण विषय पत्रिकेवर नव्हता. तरी त्यांनी नियमात बसेल तेवढं सगळं केलं. जिन्यातच दुखवट्याचा ठराव मांडला, सर्वांनी उभं राहून शांतता पाळली, आणि गुडघ्यांमुळे मीराबाईंना बसण्याची खास परवानगी दिली.

सूचक म्हणून सुदेशचं नाव पडलं. अनुमोदकाची जागा तेवढी रिकामी राहिली. इथवर वाचून तुम्हालाही हळहळ वाटली ना? मग झालं तर. तिथे तुमचं नाव घातलंय.