नागोभाऊंच्या छपरावरची वानरं

नागोभाऊंच्या हातात काही द्यायचं असेल, तर आधी त्यांच्या मागे मोकळी जागा आहे का ते पाहून घ्यावं लागे. चहाचा कप पुढे केला की भाऊ गुडघ्यात वाकत, दोन्ही तळवे पसरत, आणि कप हाताला लागतो न लागतो तोच हात पोटाशी घेत मागे सरकत. एकदा पोस्टमननं त्यांना ओसरीवर पत्र द्यायला सुरुवात केली, ते देणं परसातल्या विहिरीपाशी पुरं झालं. माझ्यावर विश्वास नसेल तर पोस्टमनला विचारा. बिचारा विहिरीत पडता पडता वाचला.

भाऊ आमच्या सिंदेवाहीला जंगलनाक्यावर कारकून होते आणि आमच्या क्रिकेट टीमचे गुरू होते. नाक्यावर त्यांना सरकारनं नेमलं होतं. गुरू त्यांना कोणीच नेमलं नव्हतं. धान कापून झालेल्या बांधीत आम्ही खेळत होतो, तिथे ते एके दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभे राहिले आणि ओरडू लागले.

"काऊन बे, चेंडूले चोरावानी धरून राह्यला? पाहुना आहे तो, पाहुना! दुरून आला. त्याले पकडाचं नसते, हात मांगं घेऊन बसवाचं असते!"

बॅटीतलं भाऊंना काही कळत नसे. तिला ते कपडे धोपटायची 'मोगरी' म्हणत. रन किती झाले, कोण आउट झाला, कशाशी देणंघेणं नाही. पण क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू 'फट्' वाजला, की आपल्याच गालावर वाजल्यासारखा त्यांचा चेहरा होई. "वाजला! म्हंजे हात दगड झाले तुहे!"

मग हात नरम करायची तालीम सुरू झाली. आधी कच्ची अंडी झेलायची. महिनाभरात गावातल्या कोंबड्या आम्हाला पाहून रस्ता बदलू लागल्या. मग पिकून लिबलिबीत झालेली सीताफळं. जोरात धरलं की बिया कानात. सरपटी चेंडूसाठी तर भेगाळलेली बांधीच होती. चेंडू सशासारखा उडून थेट नाकाचा पत्ता विचारी. भाऊ धुऱ्यावरून सांगत, "कोपर ढिलं सोड! घुटन्यात वाक! पाहुना दिसला का आदी मान खाली कर, मंग जागा दे!" वर्षभरात आमचे हात एवढे मऊ झाले, की आमच्या यष्टिरक्षकाच्या तळव्यावर फुलपाखरू बसून झोपी गेलं आणि सामना थांबवावा लागला.

पण खरी परीक्षा मृगाच्या आधी, भाऊंच्याच घरी. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी घराचे कवेलू फेरतात, म्हणजे छपरावरची सगळी कौलं उतरवून, फुटकी काढून पुन्हा बसवतात. खालचा माणूस कवेलू फेकतो, वरचा झेलतो. हात कडक असेल तर कवेलूचे दोन तुकडे आणि बोटाचे तीन. भाऊ सगळी टीम छपरावर चढवत आणि खालून एकेक कवेलू फेकत.

"फुकटात घर फेरून घेते बुढा," असं कप्तान बापूराव म्हणे. तो राइस मिलचा मुनीम, सगळीकडे त्याला हिशेबच दिसे. पण त्या दिवशी भाऊ आम्हाला जे आंब्याचा रस, पाटवड्या आणि सरगुंडे घालत, तेवढ्यात गावातले सगळे मजूर येऊन ते छप्पर दोनदा फेरून, ढेकर देऊन गेले असते.

नवल एकच होतं. "वानरांनी सत्यानाश केला ना जी!" असं भाऊ दरवर्षी सांगत येत. साऱ्या आळीत वानरं फक्त त्यांच्याच छपरावर नाचत. शेजारच्या छपराला धक्का नाही, आणि भाऊंच्या अंगणातला पिकला आंबाही जागच्या जागी. इतकी शिस्तीची वानरं मी पुन्हा पाहिली नाहीत.

भाऊ घरात एकटेच असत. बायको कधीच वारली होती. एकुलती एक लेक सखू एटापल्लीकडे दिलेली; एकदा नाले भरले की चार महिने तिकडचं कोणी येत नसे. सखू माहेरी होती तोवर खालून कवेलू फेकायचं काम तिचं. पोरगी वेडीवाकडी फेकी, आणि भाऊ छपरावर इकडून तिकडे धावत एकही फुटू देत नसत.

त्या वर्षी बापूरावानं चांद्याहून खराखुरा कोच आणायचं ठरवलं. "कवेलूबिवेलू बंद. रविवारी मैदानावर या. अन् बुढ्याले तू सांग," असं म्हणून त्यानं मला पिटाळलं.

मी सकाळीच गेलो. फाटकातून पाहतो तो भाऊ छपरावर. एकटेच. चांगले बसलेले कवेलू उचलत होते, बाळाला कुशीवर वळवावं तसे वळवून आडवेतिडवे ठेवत होते. एकही फोडत नव्हते. मी खाकरलो. ते दचकले, आणि हातातला कवेलू घसरत थेट खाली आला.

मी विचार केलाच नाही. गुडघे आपोआप वाकले, कोपरं ढिली पडली, हात मागे गेले. कवेलू पोटाशी येऊन बसला. आवाजसुद्धा झाला नाही.

भाऊ वरून पाहत राहिले. माझ्या हातांकडे, मग माझ्याकडे. कपाळावरचा घाम पुसत, छपराकडेच बघत म्हणाले, "वानरं..."

"पाह्यलं ना भाऊ," मी म्हणालो. "पुरा कळप होता. आत्ताच फाटकातून पळाला. एकाची शेपटी तर इथून रेल्वे ठेसनापर्यंत."

भाऊंचा ओठ जरासा हलला. "हात बराबर मांगं गेले रे तुहे," ते हळूच बोलले.

मी कवेलू वर फेकला. मुद्दामच वाकडा. ते दोन पावलं धावले, वाकले आणि त्यांनी तो छातीशी घेतला. बराच वेळ खाली ठेवला नाही.

"रविवारी... कितीक जनाचा रस काढू?"

"साऱ्यांचा, भाऊ. बापूरावाचा दोन वाट्या जास्त. यंदा त्याच्यासंगं एक चांद्याचा पाहुना बी हाय."