उचललेला भाऊ

शनिवारी दुपारी पाळकसाहेबांच्या टेबलावरचा कागद कोरा होता आणि डोकंही कोरं होतं. आठवडाभरात दोन लग्नं, एक दफनविधी आणि चर्चच्या छपराच्या गळतीवरून पंचकमिटीत झालेलं भांडण एवढं उरकल्यावर रविवारच्या उपदेशासाठी त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. म्हणून त्यांनी इंटरनेट उघडून ‘क्षमा’ एवढा एकच शब्द टाकला. कुठल्याशा दूरच्या पाळकाचा उपदेश हाती लागला आणि त्यांनी तो एका दमात शेवटपर्यंत वाचला.

तो परका पाळक थोरल्या भावाशी सात वर्षं बोलला नव्हता. आज पत्र लिहू, उद्या लिहू करत राहिला, आणि एके दिवशी तो नावाडी भाऊ बर्फाच्या वादळात होडीसकट बुडाल्याची बातमी आली. पाळकसाहेबांचंही आपल्या दादाशी तीन वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणानंतर दादा म्हणाला होता, "तू प्रार्थना केलीस, मी औषधपाणी केलं. आता उपदेश पुरे." ते पाळकसाहेबांच्या फार मनाला लागलं होतं, कारण ते खरं होतं.

दादाला फोन करावा, असं त्यांना त्या दुपारी मनापासून वाटलं. पण आधी उपदेश उरकायला हवा होता. त्यांनी बर्फाचा पाऊस केला, होडीची मोटरसायकल केली, सात वर्षांची तीन केली. नावाड्याचा वायरमन केला, कारण दादा वायरमन होता आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं लिहिणं सोपं गेलं. भाऊ मेलेला मात्र तसाच ठेवला. तो मेल्याशिवाय उपदेशाला शेवट येत नव्हता. हा उपदेश दुसऱ्याचा आहे, हे वाक्य त्यांनी एकदा लिहिलं आणि स्वतःच्या हाताने खोडलं.

रविवारी मंडळी ढसाढसा रडली. पाळकीणबाई तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी नवऱ्याकडे बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "अहो, दादा कधी गेले?"

"उपदेशातले दादा गं ते."

"उपदेशातलेही वायरमनच का?"

"दाखला म्हणून घेतला. बुधवारपर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

संध्याकाळीच भगिनी मंडळाच्या अध्यक्षबाई सहा बायका आणि जेवणाचे डबे घेऊन हजर झाल्या. "साहेब, एवढं दुःख एकट्याने गिळलंत," त्या म्हणाल्या.

"बाई, खरं सांगायचं तर..."

"काही सांगू नका. सांगितलं की जास्त दुखतं." पाळकसाहेबांनी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा कुणीतरी त्यांचा हात थोपटला. मागोमाग पंचकमिटीचे सेक्रेटरी आले. गुरुवारी चार वाजता दादांच्या स्मरणार्थ उपासना ठेवली होती आणि उपदेशाचं रेकॉर्डिंग ओळखीच्या सगळ्यांना पाठवून झालं होतं. आता फक्त दादांचा फोटो हवा होता.

"फोटो नाही हो माझ्याकडे," पाळकसाहेब म्हणाले. हे मात्र खरं होतं.

"भावाचा फोटोसुद्धा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि सहाही बायकांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

चार दिवस पाळकसाहेबांच्या घशाखाली घास उतरला नाही. डबे पाळकीणबाईंनी संपवले. गुरुवारी उपासना सुरू होण्यापूर्वीच सगळं कबूल करायचं, असं पाळकसाहेबांनी ठरवलं. पण रेकॉर्डिंग या हातातून त्या हातात फिरत आत्येबहिणीकडे पोचलं होतं, आणि तिने ते दादालाच पाठवलं होतं.

मंदिर गच्च भरलं होतं. शेवटच्या बाकावर एक पिकल्या केसांचा माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. अध्यक्षबाई आपुलकीने त्याच्याजवळ वाकल्या. "तुम्ही त्यांचे कोण?"

"मीच तो," दादा म्हणाला. अध्यक्षबाई शेजारच्या बाकावर मटकन बसल्या.

व्यासपीठावरून पाळकसाहेबांना हे सगळं दिसलं. "तो उपदेश माझा नव्हता," ते म्हणाले. "मी तो उचलला. दुसऱ्याचं दुःख माझं म्हणून सांगितलं आणि तुम्हाला रडवलं. माझा भाऊ जिवंत आहे. तो तिथे मागे बसलाय. मला क्षमा करा." सगळ्या माना मागे वळल्या. मग सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "म्हणजे आता स्मरणाचं गीत घ्यायचं की नाही?"

गीत झालं नाही. लोक एकेक करून निघून गेले. अध्यक्षबाई मात्र पुढे आल्या. "माझा भाऊ खरंच गेलाय, साहेब. मी त्याच्यासाठी रडले त्या दिवशी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि पाळकसाहेबांना तेच सहन होईना. "माझे डबे रिकामे झाले असतील तर पाठवून द्या."

मंदिरात दोघे भाऊच उरले. पाळकसाहेब दादाच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले.

"मेल्यावर बरा दिसलो मी," दादा म्हणाला.

"दादा, चुकलो मी."

"ते ऐकलं. एक सांग. दादाने हाक मारली की मी अजूनही सात वर्षांचा पोर होऊन जातो, असं तू उपदेशात म्हणालास. ते तरी तुझं होतं ना?"

हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. ते वाक्य कुठून आलं हे कुणी तपासायला येणार नव्हतं. पण नुकतीच एवढ्या लोकांसमोर कबुली दिली होती. "नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तेही त्याचंच."

"वाटलंच मला. तुला असलं कधी सुचायचं नाही." दादा थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. "त्याच वाक्यासाठी दोन गाड्या बदलून आलो रे मी."

पाळकसाहेबांनी पुष्कळ आठवून पाहिलं. दर रविवारी चाळीस मिनिटं बोलणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाशी बोलायला स्वतःचं एक वाक्य सापडेना. जे जे ओठावर येत होतं ते सगळं त्या परक्या पाळकाने आधीच लिहून ठेवलं होतं.

"जेवून जा," शेवटी ते म्हणाले.

दादाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हे कुठलं?"

"माझंच."

"एवढंच?"

"सध्या एवढंच आहे, दादा."