टिटवीचं माप

सन दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा. त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीमागचं तळं निम्मं आटलं आणि शेजारचे सय्यदभाई संध्याकाळी गळ्यात शिंप्याची टेप अडकवून काठाकाठाने फिरायला लागले. मंडईजवळचं शिलाईचं दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण टेप काही गळ्यातून उतरली नव्हती.

फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एका ओळीत, आपल्या मागून चालायला लावत. "डोळे खाली, पाय हलका!" कारण उघड्या पडलेल्या गाळात, खड्यांमध्ये, टिटवीने चार अंडी घातली होती. तीही खड्यांसारखीच दिसत. मी मात्र कुणाच्या मागून चालत नाही. हडपसरला आमची स्वतःची जमीन होती.

रोज ते वाकून अंड्यांपासून पाण्यापर्यंत माप घेत. टिटवी किंचाळत त्यांच्या टोपीवर झडप घाली. "झालं बाई, झालं. आज नुसती ट्रायल!"

एका संध्याकाळी त्यांनी टेप दोनदा लावली. चेहरा उतरला. "तात्या, काल साठ इंच होतं. आज बावीस. पाणी चढतंय."

"चढायचं नाय. टिटवीनं खोलगट जागी अंडी घातली म्हंजे औंदा पाऊस कमी. माझ्या बापानं त्यावर पेरण्या केल्यात. शाळेत शिकवत नाय हे."

"पाऊस राहू द्या हो. वरच्या तळ्याचं पाणी सोडलंय. रखवालदारानेच सांगितलं."

हे मात्र माझ्या बापाने सांगितलं नव्हतं.

अंडी एकदम लांब नेली तर टिटवी ती टाकून देते. म्हणून हातभर सरकवायची, बाभळीआड लपायचं, ती येऊन बसली की पुन्हा हातभर. वाकलो मीच, त्यांचे गुडघे त्या दिवशी आखडले होते. दोनदा ती येऊन बसली. तिसऱ्यांदा आलीच नाही. दिवस बुडाला. अंड्यांच्या पहिल्या जागेवर पाणी आलं होतं.

"पाखरासाठी एवढा जीव टांगणीला कशाला लावता?" मी जरा चिडूनच विचारलं.

ते टेप गुंडाळत राहिले. "बायको गेल्यापासून घरात माझ्यावर ओरडणारं कुणी नाही, तात्या. ही रोज ओरडते."

 

दुसऱ्या दिवशी उजाडताच एकटाच तळ्यावर गेलो. डोळे खाली, पाय हलका. पाणी अंड्यांपासून वीतभर अलीकडे थांबलं होतं. मी वाकलो मात्र, डोक्यावर झडप आली आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तसाच मागे फिरलो आणि सय्यदभाईंची कडी वाजवली. पाऊस पडलेला नाही, हे आधी सांगून टाकलं. मग म्हणालो, "चला, तुम्हाला बोलावलंय. शिव्या खायला."